विद्युत् मंडल

विद्युत् मंडल : विद्युत् प्रभवापासून निघून संवाहक व भार यांतून पुन्हा प्रभवाकडे परतणारा, विद्युत् प्रवाहाचा अखंड बंद मार्ग. व्होल्टा यांच्या घटमालेने (१८००) सातत्यपूर्ण प्रवाह उपलब्ध झाल्यावर ओहम यांनी १८२७ मध्ये दाब, प्रवाह व रोध यांचा संबंध आणि किरखोफ यांनी १८४५ मध्ये शाखायुक्त मंडलांचे नियम मांडले. तापमान स्थिर असता प्रवाह दाबाच्या सम व रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतो; सबब २३० व्होल्ट दाबास जोडलेल्या ४६ ओहम रोधाच्या शेगडीतून ५ अँपिअर प्रवाह वाहतो. एकसर जोडणीत प्रवाह समान राहून दाब विभागतो, समांतर जोडणीत याच्या उलट घडते.

बाळापूर तालुक्यातील (जि. अकोला) पारस औष्णिक केंद्रातील वीज उच्च दाबाने वाहून नेतात, कारण ठरावीक शक्तीसाठी दाब वाढविल्यास प्रवाह घटतो आणि त्याच्या वर्गाच्या प्रमाणात होणारा तारांतील ऊर्जाक्षय त्याहून अधिक घटतो (पहा : रोहित्र). वरूड-मोर्शी भागातील संत्राबागांचे त्रिकला मोटारपंप रोहित्रापासून लांब तारेच्या शेवटी असल्यास तारेच्या रोधामुळे दाब उतरतो. अशा वेळी भारित मोटार अधिक प्रवाह ओढते, आणि वेष्टन तापून जळते. हा दोष मोटारीचा नसून मंडलाचा असल्याने उपायही जाड तारेत किंवा रोहित्र जवळ आणण्यात शोधावा लागतो.

अतिप्रवाहापासून रक्षण वितळतार करते (पहा : वितळतार). वऱ्हाडातील काळी जमीन उन्हाळ्यात शुष्क होताच भूसंपर्काचा रोध वाढतो, म्हणून भूसंपर्काच्या खड्ड्यात पाणी घालणे आवश्यक ठरते (पहा : भूसंपर्कन).