श्रुतिभेद

‘अपूर्व रागंगळ’ हा १९७५ सालचा तामिळ बोलपट आज पाहावयास बसलेला प्रेक्षक बहुधा एका क्षणाची वाट पाहत असतो. एका घराचे फाटक ढकलले जाते आणि दाढी वाढलेला, मळकट वेषातला एक कृश तरुण पुढे येतो. भैरवी नावाच्या स्त्रीचा तो शोध घेत आलेला आहे. ‘हाच तो रजनीकांत!’ असे उद्गार निघतात आणि चाललेले कथानक क्षणभर बाजूला राहते.

१९७५ च्या प्रेक्षकाला मात्र हा माणूस सर्वस्वी अनोळखी होता. चित्रपटाचा तरुण नायक कमल हासन. त्याला मद्रासचे लोक १९६० च्या ‘कळत्तूर कण्णम्मा’पासून, म्हणजे त्याच्या बालपणापासून ओळखत होते. भैरवी या गायिकेची भूमिका श्रीविद्येने केली होती. नवागताच्या वाट्याला आला होता तो तिचा परागंदा पती पांडियन. मृत्यू जवळ आलेला असता तो परततो; कथेला वळण देतो आणि नाहीसा होतो. प्रसंग मोजकेच. त्याच्या येण्याने टाळ्या वाजाव्यात अशी योजनाच नव्हती. मनात अस्वस्थता उत्पन्न व्हावी, एवढीच अपेक्षा होती.

हा नवागत जन्माने मराठी होता. १२ डिसेंबर १९५० रोजी बंगळूर येथे एका मराठी कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचे नाव शिवाजीराव गायकवाड. बंगळुरात बसवाहकाची नोकरी केल्यानंतर तो मद्रासला अभिनयाचे शिक्षण घेण्यासाठी आला. तेथे दिग्दर्शक के. बालचंदर यांची दृष्टी त्याच्यावर पडली. महालेखापालांच्या कार्यालयातील नोकरी सांभाळून नाटके लिहिणारे बालचंदर रंगभूमीवरूनच चित्रपटात आलेले होते. त्यांनी या तरुणास तामिळ शिकण्याचा सल्ला दिला.

परंतु नावाची अडचण होती. तामिळ पडद्यावर ‘शिवाजी’ एकच होते, ते म्हणजे गणेशन. अण्णादुरै यांच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका गाजविल्यामुळे त्यांना हे नाव पेरियार यांनी बहाल केले होते. महाराजांचे नाव एका तामिळ नटाने अभिनयाने मिळवावे आणि ते जन्मतः लाभलेल्या मराठी मुलाला त्याच कारणाने सोडावे लागावे, हा योग विलक्षणच! बालचंदर यांनी आपल्याच ‘मेजर चंद्रकांत’ या कथेतील एका पात्राचे नाव त्याला दिले: रजनीकांत.

पांडियनच्या प्रवेशाच्या वेळी बालचंदर यांनी पडद्यावर दोन शब्द उमटविले होते: ‘श्रुति भेदम्’. कर्नाटक संगीतातील ही संज्ञा हिंदुस्थानी संगीताच्या रसिकास मूर्च्छनाभेद म्हटल्यावर उमगेल. भूप रागाचा गंधार षड्ज मानला की तेच पाच स्वर मालकंस होऊन उभे राहतात. स्वर हलत नाहीत, आधारस्वर हलतो. कथेपुरता त्या शब्दांचा अर्थ इतकाच, की या माणसाच्या येण्याने भैरवीच्या जीवनाचा सूर पालटणार आहे.

पुढील इतिहासाने त्या शब्दांना आणखी एक अर्थ दिला. १९७८ साली रजनीकांत ज्या तामिळ चित्रपटाचा नायक झाला, त्याचे नावच ‘भैरवी’ होते. कीर्ती वाढत गेली, आणि त्या जुन्या फिल्मवरील एकही चौकट न बदलता पांडियनचा प्रवेश निराळा भासू लागला. याच शहरात १९३६ साली एलिस डंगन या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘सती लीलावती’त एम. जी. रामचंद्रन नावाचा तरुण पोलीस अधिकाऱ्याच्या लहानशा भूमिकेत दिसला होता. १९७७ मध्ये तो राज्याचा मुख्यमंत्री झाला, तेव्हा त्या किरकोळ भूमिकेवरही असाच मागाहून प्रकाश पडला. अशा प्रसंगी आपल्याला बीजात वृक्ष दिसल्याचा भास होतो. वस्तुतः वृक्ष आधी पाहून आपण बीजाकडे वळलेले असतो.

मग खरी ओळख कोणाची म्हणावी? २०२१ साली रजनीकांत यांना दादासाहेब फाळके पुरस्कार प्रदान करण्यात आला. मराठी माणसाने ज्या कलेचा या देशात पाया घातला, तिचा सर्वोच्च सन्मान मराठी घरात जन्मलेल्या या तामिळ नटाने स्वीकारला. त्या समारंभात त्यांनी तो ज्यांना अर्पण केला, त्यांत गुरू बालचंदर होते आणि बंगळुरातील एक बसचालक मित्रही होता. वाहकाचे काम करणाऱ्या आपल्या सोबत्यात नट दडलेला आहे हे त्याने जाणले होते आणि चित्रपटाचा मार्ग धरण्यास त्याला प्रवृत्त केले होते.

कीर्तीचा षड्ज लागल्यानंतर राग कोणीही ओळखतो. त्या चालकाने तो तंबोरा जुळण्यापूर्वीच ओळखला होता.