पत्ता बदललाय! वेबवरच्या पुनर्निर्देशनाचा इतिहास

लखनौच्या तेलीबागेतून मी बोलतोय. आजचा विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात मात्र संगीतापासून करू.

आमच्या तेलीबागेतून रायबरेली रोडनं शहराकडे निघालं की चारबाग मागे टाकून कैसरबागेत पोचता येतं. तिथे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानं 1926 साली एक संगीत महाविद्यालय सुरू झालं. त्या वेळचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्यावरून त्याला ‘मॅरिस कॉलेज’ म्हणत. 1966 मध्ये त्याला भातखंडे यांचं नाव मिळालं, 2000 मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालं आणि 2022 मध्ये भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. आता जुन्या पुस्तकात ‘मॅरिस कॉलेज’ वाचून कुणी शोधत आला, तर त्याला योग्य दारी कसं पोचवायचं? एक तर वाटेतच कुणीतरी सांगेल, ‘अहो, त्याचं नाव आता हे आहे, तिकडे जा.’ नाहीतर तो जुन्या पत्त्यावर पोचेल आणि तिथली पाटी वाचून पुढे जाईल.

वेबवर पत्ता बदलला की अगदी हेच दोन मार्ग असतात. वाटेत सांगतो तो सर्व्हर. दारावरची पाटी वाचून पुढे नेतो तो आपल्या संगणकावरचा, मोबाइलवरचा ब्राउझर. आपण त्याला रिडायरेक्ट म्हणतो, मराठीत पुनर्निर्देशन.

वेबच्या अगदी पहिल्या दिवसांत, 1991 च्या सुमारास, यातला पहिला मार्ग नव्हताच. टिम बर्नर्स-ली यांच्या सुरुवातीच्या एचटीटीपीमध्ये ब्राउझर पान मागायचा आणि सर्व्हर ते पाठवायचा. बरोबर कुठला क्रमांक नाही, कसली सूचना नाही. मे 1996 मध्ये एचटीटीपी 1.0 चा दस्तऐवज प्रसिद्ध झाला, त्यात 301 आणि 302 हे क्रमांक नोंदलेले आहेत. 301 म्हणजे ‘कायमचं हललं’, 302 म्हणजे ‘तात्पुरतं हललं’. क्रमांकासोबत ‘लोकेशन’ नावाची एक ओळ जाते, तिच्यात नवा पत्ता असतो. पान दिसायच्या आधीच ब्राउझर तिकडे वळतो.

दुसरा मार्गही त्याच काळातला. 1995 मध्ये नेटस्केपनं ‘मेटा रिफ्रेश’ आणलं: पान उघडतं, ठरलेले सेकंद थांबतं आणि दुसरीकडे नेतं. त्याच वर्षी ब्रेंडन आइक यांची जावास्क्रिप्ट आली आणि पानातल्या कोडला स्वतःच पत्ता बदलता येऊ लागला. ‘आमचं संकेतस्थळ हललं आहे, पाच सेकंद थांबा’ अशी पानं आठवतात ना? मागे जायचं बटण दाबलं की पुन्हा तिथेच आणून सोडणारी? ती या घराण्यातली.

मग दोन्ही मार्ग एकत्र कसे आले? इथे आपल्या देवनागरीचा संबंध येतो. 1995 मध्येच रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी जाहीर केली. पुढे असंख्य लहान संकेतस्थळं तिच्यावर उभी राहिली. पीएचपीत नवा पत्ता ‘हेडर’नं पाठवतात. त्याची अट एकच: त्याआधी पानातलं एक अक्षरही बाहेर गेलेलं नसावं. इंग्रजी फाइल साध्या पद्धतीनं जतन व्हायची. मराठी मजकूर असला की नोटपॅडमध्ये यूटीएफ-8 निवडावं लागे, आणि विंडोजचं जुनं नोटपॅड फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालत असे. डोळ्यांना काही दिसायचं नाही, पण सर्व्हरच्या लेखी मजकूर सुरू झालेला असायचा. परिणाम म्हणजे ‘हेडर आधीच पाठवले गेले आहेत’ ही चूक. मी स्वतः यात दोन रात्री घालवल्या आहेत. कोडमध्ये काहीच चूक नव्हती. चूक दिसत नसलेल्या तीन बाइटांत होती. 2019 पासून विंडोज 10 च्या नोटपॅडनं ही सवय सोडली.

तोवर लोकांनी तोडगा काढला होता. हेडर अजून पाठवता येत असतील तर सर्व्हरकडून पाठवा. नसतील तर पानात जावास्क्रिप्टची एक ओळ छापा, आणि जावास्क्रिप्ट बंद असलेल्यांसाठी ‘नोस्क्रिप्ट’मध्ये मेटा रिफ्रेश ठेवा. शेवटी ‘एक्झिट’ लिहायचं, कारण ते विसरलं तर ब्राउझर वळतो, पण सर्व्हरवरचं पुढचं कोड चालूच राहतं. लॉगिनशिवाय बघू नये असं पान त्यामुळे भलत्यालाच मिळू शकतं.

हा तोडगा मी बरीच वर्षं ठिगळ समजत होतो. माझं मत बदललं ते एका पत्रामुळे. इथल्या मराठी कुटुंबांच्या आठवणी मी एका साध्या संकेतस्थळावर ठेवल्या होत्या. सगळ्या एकाच लांब पानावर, आणि प्रत्येकीचा पत्ता हॅशच्या चिन्हानंतर. पुढे मी प्रत्येक आठवणीचं वेगळं पान केलं आणि जुन्या पानासाठी 301 लावून मोकळा झालो. काही महिन्यांनी इंदूरहून एका गृहस्थांचं पत्र आलं. वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यांनी एक पुस्तिका छापली होती, त्यात वडिलांच्या आठवणीचा माझ्याकडचा जुना पत्ता होता. नातेवाईक तो उघडत होते आणि त्यांना नुसती यादी दिसत होती. त्यांनी विचारलं होतं, ‘बाबांचं लेखन काढून टाकलंत का?’

काढलं नव्हतं. पण पत्त्यातला हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. कुणाची आठवण हवी आहे हे सर्व्हरला कळायला मार्गच नव्हता. ते फक्त ब्राउझरला माहीत होतं. छापलेली पुस्तिका तर आता बदलता येणार नव्हती.

मग दोघांना कामं वाटून दिली. सर्व्हरनं 301 देऊन यादीच्या पानावर आणायचं. हॅशनंतरचा भाग ब्राउझर सोबत नेतोच. तिथल्या दहा ओळींच्या जावास्क्रिप्टनं तो वाचून योग्य पानावर सोडायचं, तेही ‘लोकेशन रिप्लेस’नं, म्हणजे मागे जाताना वाचक अडकत नाही. जावास्क्रिप्ट नसेल त्याच्यासाठी यादीत दुवे आहेतच. एक सावधगिरी: चाचणी आधी 302 नं करा. 301 ब्राउझर लक्षात ठेवतो, आणि चूकही.

मराठी विकिपीडिया, जो 1 मे 2003 रोजी सुरू झाला, तिथेही अशीच वाटणी आहे. संपादक जुन्या नावाच्या पानावर ‘#पुनर्निर्देशन’ लिहून नव्या लेखाचं नाव देतो. सर्व्हर जुन्याच पत्त्यावर नवा लेख वाढतो, आणि वर दिसणारा पत्ता ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बदलते.

तेव्हा सूत्र एवढंच: सर्व्हरला जे कळतं ते त्यानंच करावं, आणि जे फक्त ब्राउझरला ठाऊक आहे तेवढंच ब्राउझरवर सोपवावं. इंदूरच्या त्या पुस्तिकेतला पत्ता आजही उघडतो. तुमच्याकडे एखादं जुनं मराठी संकेतस्थळ असेल, तर ते हलवण्याआधी त्याचे पत्ते कुणी कुठे छापले असतील याचा विचार जरूर करा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.