घरांच्या व्यवहारातील दलाली: दर कायद्याने नव्हे, करारानेच

घरांच्या खरेदी-विक्रीतील मध्यस्थास सहसा वेतन नसते; व्यवहार जुळल्यासच त्यास दलाली मिळते. भारतात प्रचलित दर किमतीच्या १ ते २ टक्के आहे. जुन्या घराच्या विक्रीत अनेकदा दोन्ही पक्ष दलाली देतात, तर नव्या प्रकल्पात ती बहुधा विकासक देतो. भाड्याच्या घरासाठी साधारणतः एका महिन्याचे भाडे आकारले जाते.

'रेरा' या नावाने परिचित असलेल्या २०१६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकण्यासाठी मध्यस्थाची नोंदणी बंधनकारक आहे. उल्लंघन केल्यास दररोज १० हजार रुपये आणि एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र दलालीचा दर हा कायदा ठरवीत नाही.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१९ नुसार, विशेष करार नसल्यास सोपविलेले काम पूर्ण झाल्यावरच मोबदला देय होतो. कलम २२० नुसार, ज्या कामात मध्यस्थाने गैरवर्तन केले, त्याचा मोबदला त्यास मागता येत नाही. परंतु काम नेमके केव्हा पूर्ण झाले, बयाणा देताना की खरेदीखताच्या नोंदणीनंतर, यावरूनच वाद उद्भवतात. म्हणून दर, तो देणारा पक्ष आणि देण्याची वेळ आधीच लेखी ठरविणे हिताचे ठरते.