दोरीने बसणारी काच

फियाट 1100 ची समोरची काच गाडीला चिकटवलेली नसते, स्क्रूने आवळलेलीही नसते. ती नुसत्या रबरावर उभी असते. रबराच्या पट्टीला दोन खाचा. एकीत काचेची कड, दुसरीत पत्र्याची. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी पन्नाशीच्या दशकापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बाहेर पडत राहिली. 1964 ची डिलाइट, सत्तरीतली प्रेसिडेंट, मग पद्मिनी, अशी नावे बदलली; खाच मात्र राहिली. घरच्या अंगणात दुरुस्त होणाऱ्या मोटारीचा इतिहास लिहायचा तर तो या खाचेपासून सुरू करावा, असे मला वाटते.

मोटारीला आरंभी समोरची काच नव्हतीच. वेग वाढला तशी ती आली, पण साधी. अपघातात तिचे सुरे व्हायचे आणि ते चेहऱ्यांवर यायचे. 1903 मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून प्रयोगशाळेतली एक चंबू खाली पडली. तिला तडे गेले, पण ती विखुरली नाही. आत पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर सुकून राहिला होता. 1909 मध्ये त्यांनी पेटंट घेतले. दोन काचा आणि मध्ये एक पापुद्रा. गंमत अशी की मोटारींच्या आधी ही काच पहिल्या महायुद्धातल्या गॅस मास्कच्या भिंगांनी जास्त वापरली. मधला सेल्युलोजचा थर उन्हाने पिवळा पडे. तीसच्या दशकात पॉलिव्हिनाइल ब्यूटिरल आले तेव्हा ती अडचण सुटली.

दुसरा मार्ग टफन्ड काचेचा. काच सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि हवेच्या झोतांनी एकदम गार करायची. पृष्ठभाग दाबाखाली राहतो, काच बळकट होते आणि फुटली तरी तिचे मुगाएवढे बोथट तुकडे होतात. पण ती फुटते एकदम, सगळीच्या सगळी. समोरच्या ट्रकचा एक खडा आणि क्षणात पांढरा पडदा. घाटात उतरताना हे झाले तर काय, याची कल्पना करावी. म्हणून काही कारखान्यांनी चालकाच्या नजरेसमोरचा पट्टा कमी कडक ठेवला. तिथे तुकडे मोठे पडत, थोडे दिसत राही. आपल्याकडच्या त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना टफन्ड काचच असे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तीन वर्षांनंतर बनणाऱ्या गाड्यांना समोर लॅमिनेटेड काच सक्तीची केली. त्याआधी बनलेल्या लाखो गाड्या मात्र तशाच धावत राहिल्या.

वडिलांची 1972 ची फियाट त्यांतलीच. वायपरने ओढलेले चरे सूर्यास्ताच्या उजेडात असे चमकत की रस्ता दिसेनासा होई. गेल्या मार्चमध्ये मी आणि धाकट्या भावाने काच घरीच बदलली. जुने रबर वाचवायचा मोह धरू नये, आतल्या बाजूने सुरीने कापून काढावे. खरे काम त्याखाली असते. रबराच्या आत पावसाचे पाणी साचते आणि खालचे दोन्ही कोपरे गंजतात. पत्र्याची कड कुरतडलेली असली तर नवे रबर कितीही चांगले असो, पहिल्याच पावसात पाणी पायाशी येते. आम्ही गंज घासून, प्राइमर मारून दोन दिवस वाळू दिले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानांतून रबर मिळाले.

नवे रबर आधी काचेवर चढवतात. मग पत्र्याच्या खाचेत गुळगुळीत नायलॉनची दोरी फिरवून तिची दोन्ही टोके खालच्या बाजूला मध्यभागी एकमेकांवर आणून आत सोडायची. खाचेला साबणाचे पाणी. सुतळी नको, ती रबर चिरते. एकाने बाहेरून तळव्याने काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू काढायची. दोरी निघते तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावरून आत उतरते. कोपऱ्यावर घाई केली तर काच जाते. या कामात बळ लागत नाही, दोन माणसे एकमेकांचे ऐकणारी लागतात. आमच्या भावाभावांत ते क्वचितच घडते, म्हणून दोन तास लागले.

काच निवडताना मात्र प्रश्न पडला. मूळ राखायचे तर टफन्ड, जीव राखायचा तर लॅमिनेटेड. जुन्या गाड्या जपणाऱ्यांत यावर हिरिरीने वाद होतात. 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणण्यासाठी चॅसिस, बॉडीशेल वा इंजिनात मोठा बदल नसावा, अशी अट आहे. त्या व्याख्येत काचेचा शब्द नाही. मी लॅमिनेटेड घेतली. गाडी उद्घाटनाला उभी करायची नव्हती, आई मागे बसून तिच्यातून पुण्याला जाणार होती. लॅमिनेटेड काच जरा जाड असते, रबर चढवताना थोडा त्रास झाला, एवढेच.

आजच्या गाड्यांची काच पॉलियुरेथेनने बॉडीलाच चिकटवतात. त्यामुळे पत्र्याची चौकट ताठ राहते आणि समोरच्या प्रवाशाची एअरबॅग उघडताना काचेचा आधार घेते. सुरक्षेचा हा हिशेब मला मान्य आहे. मात्र डिंक पक्का व्हायला काही तास लागतात, प्राइमर, स्वच्छता, तापमान यांना तोलून वागावे लागते, आणि ते काम अंगणातून गेले. 2003 मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सींमुळे काच आणि रबर यांना कायमचा खप होता. आता आमच्यासारख्या मोजक्या मालकांसाठी साचे कोण चालू ठेवणार, हे दुकानदारालाच विचारले. तो म्हणाला, दोन घेऊन ठेवा. दुसरे रबर पावडर लावून, न दुमडता, माळ्यावर ठेवले आहे.