तुफान सैनिक : लढ्यानंतरचे आयुष्य

सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात चाललेल्या प्रतिसरकारच्या लढाऊ दलातील कार्यकर्ते. कुंडल, वाळवा, कासेगाव ही त्यांची ठाणी आज सांगली जिल्ह्यात येतात. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली ती कॅप्टन भाऊ (रामचंद्र लाड) आणि जी. डी. बापू लाड यांच्या साथीदारांनी.

एत्तोरे स्कोला यांच्या १९७४ च्या ‘चेराव्हामो तांतो आमाती’ या इटालियन चित्रपटात नाझींविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेले तीन मित्र युद्ध संपल्यावर दुरावतात. लुचियानावर तिघांचाही जीव जडतो. त्यांतला वकील जानी मात्र तिला सोडून धनवंत घराचा जावई होतो. साताऱ्यातील साथीदारही लढ्यानंतर दुरावले, पण हा दुरावा पैशापेक्षा पक्षांमुळे आला. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील शेतकरी कामगार पक्षातून कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. त्या वेळी द्विभाषिक मुंबई राज्याचे काँग्रेसचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, बेचाळीसला याच जिल्ह्यात भूमिगत राहिलेले. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडणारे वसंतदादा पाटीलही काँग्रेसमध्येच राहिले.

मैत्रीची खूण मात्र पुसली नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये मणदूरच्या चकमकीत किसन अहीर हुतात्मा झाले. नागनाथअण्णा नायकवडी यांनी पुढे वाळव्यात सहकारी साखर कारखाना उभारला, तो आपल्या या साथीदाराच्या नावाने. उसाच्या प्रत्येक पावतीवर मित्राचे नाव यावे, यापेक्षा मोठे स्मारक या मातीत दुसरे नसावे.

या पिढीच्या प्रेमाविषयी फार थोडे लिहिले गेले, ही खरी उणीव आहे. इंदोलीच्या इंदुताई निकम कोवळ्या वयात घर सोडून चळवळीत आल्या. १९४६ मध्ये त्यांनी कासेगावच्या बाबूजी पाटणकरांशी लग्न केले. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे झाली, आणि १९५२ मध्ये बाबूजींचा खून झाला. लहानग्या मुलाला, भारतला, वाढवत इंदुताईंनी शिक्षिकेची नोकरी केली. पुढे स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीत परित्यक्तांच्या हक्कांसाठी त्या पुन्हा रस्त्यावर उतरल्या. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.