गावाची जाग

देशावरच्या जुन्या गावगाड्यात रात्री पहारा करणाऱ्याला ‘जागल्या’ म्हणत. आपल्या गोव्याकडे गावाची रात्र सांभाळणारा ‘राखणदार’ असतो आणि तो बहुधा माणूस नसून देव असतो. एका शब्दात जागे राहणे आहे, दुसऱ्यात राखणे आहे. दोन्ही शब्दांत संशय मात्र कोठेच नाही. घरफोडीची वा मोटारीची काच फोडून ऐवज पळवल्याची बातमी आली की आपण कुलूप, गज आणि कॅमेरा यांचाच विचार करतो. ही साधने उपयोगी आहेत, यात वाद नाही. परंतु ती येण्यापूर्वी कित्येक शतके माणसे घरे राखीत होती. ती कशाच्या बळावर, आणि त्या राखणीत काय चुकत गेले, हे पाहिल्यावाचून आजच्या प्रश्नाचे उत्तर अपुरे राहील असे आम्हांस वाटते.

साखळीपासूनच आरंभ करू. वाळवंटीच्या काठचे हे गाव सत्तरीचे दार आहे. चोर्ला घाट उतरून येणारी वाट येथूनच डिचोलीकडे व पुढे पणजीकडे जाते. अशा वाटेवरच्या बाजारगावात परका माणूस ही नवलाई नसते, तो रोजचाच असतो. त्यामुळे अनोळखी चेहरा दिसला म्हणून दार लावून घेणे साखळीसारख्या गावाला कधीच परवडले नसते. गावाने वेगळा मार्ग काढला होता. जुन्या घरांची ओसरी रस्त्याकडे उघडी असे, अंगणात तुळस असे, तिन्हीसांजेला तिच्यापुढे दिवा लावण्यासाठी घरातील बाई बाहेर येई. सोप्यावर कोणी ना कोणी वडीलधारे बसलेले असे. नवा माणूस वाड्यात शिरला की त्याला सहज प्रश्न येई, ‘तू कोणाचा रे?’ पाहुणा असेल तर त्याला घर दाखवले जाई, विक्रेता असेल तर बसायला पाट मिळे. वाईट हेतूने आलेल्यास मात्र आपल्याला कोणीतरी पाहिले आहे एवढे कळत असे. बहुतेक वेळा तेवढे पुरे होई.

ह्या जाणिवेला लोकधर्माने दैवी रूप दिले. डिचोली, सत्तरी, पेडणे या तालुक्यांत गावाच्या शिमेवर देवचार असतो, तो रात्री हातात दंड घेऊन फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून पोचवतो, अशी श्रद्धा आहे. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून त्याला नव्या वहाणा वाहतात. पेडण्याच्या पलीकडे, शापोरा नदीच्या दक्षिण तीरावरील शिवोली गावी जागर होतो. तोही गावाच्या राखणदाराच्या नावाने, आणि त्यात हिंदू व ख्रिस्ती दोन्ही समाज सहभागी होतात. ह्या श्रद्धेकडे कोणी कसेही पाहो, तिच्यातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. देवचार केवळ चोराला अडवीत नाही, तो चुकल्या माणसाला घरीही पोचवतो. राखणदाराचे हे दुसरे काम आपण विसरत चाललो आहोत.

आपल्यापैकी अनेक घराण्यांचे पूर्वज घाटावरून वा वाडीकडून येथे आले. त्या मुलखातील व्यवस्था अधिक रेखीव होती. महार वेसकर गावाच्या वेशीवर राखण करी, अनेक गावांत रामोशी रात्रीचा पहारा करी. चोरी झाली की चोराचा माग काढणे हे त्यांचे काम. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवला की पुढची जबाबदारी त्या गावावर जाई. माग मध्येच हरवला तर गेलेल्या मालाची भरपाई राखणाऱ्यांच्या वा गावाच्या माथी येई. इंग्लंडमध्येही १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने चोरामागे हाकाटी करीत धावणे प्रत्येकावर बंधनकारक केले होते, आणि चोर सापडला नाही तर त्या टापूतील लोकांनी नुकसान भरून द्यावे असे ठरवले होते. हजारो कोसांवरच्या दोन समाजांना एकच तत्त्व सुचले होते. एका घरातील चोरी ही त्या घराची खासगी आपत्ती नव्हे, साऱ्या वस्तीचे ते देणे आहे.

परंतु ह्या तत्त्वाचा भार कोणी वाहिला, हे सांगितल्याशिवाय त्याचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या वेसकराने वेस राखली त्याचे स्वतःचे घर वेशीबाहेर होते. रात्रभर गावासाठी जागणाऱ्याला दिवसा गावात मान नव्हता. महार वतनाच्या ह्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले, पण कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. रामोशांची कथा तितकीच कटू. पेशवाई गेल्यावर गडकोटांच्या व गावांच्या राखणीचे त्यांचे पिढीजात हक्क गेले, त्या असंतोषातून उमाजी नाईकांचा उठाव झाला आणि १८३२ साली ते फासावर गेले. पुढे १८७१ च्या कायद्याने हिंदुस्थानातील कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९११ साली त्याचा विस्तार मुंबई इलाख्यापर्यंत झाला. तो १९५२ साली रद्द झाला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशीही आहेत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरे राखली त्यांच्याच वंशजांकडे समाज चोर म्हणून पाहू लागला. राखण एका जातीवर टाकून बाकीचे गाव निजले, त्याचे हे फळ होय.

राखण एका जातीवर टाकण्याऐवजी एका अधिकाऱ्याच्या हाती दिली तर काय होते, याचा धडा पुण्याने दिला. घाशीराम सावळादास १७७७ ते १७९१ या काळात पुण्याचा कोतवाल होता. रात्रीची तोफ झाल्यावर जो रस्त्यावर सापडेल त्याला चौकीत डांबायचे, असा त्याचा अंमल. १७९१ च्या ऑगस्टात त्याने परप्रांतातून आलेल्या तेलंगी ब्राह्मणांच्या एका जमावाला चोर म्हणून लहानशा कोठडीत कोंडले. सकाळपर्यंत त्यांतील वीसाहून अधिक जण गुदमरून मेले होते. संतप्त लोकांनी पुढे घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे हे नाव सर्वांना ठाऊक आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की त्या रात्री पुण्याचा पहारा ढिला नव्हता, उलट फार कडक होता. कोंडलेल्यांना ओळखणारे मात्र तेथे कोणी नव्हते.

गोव्याच्या नव्या काबिजादीत प्रकार निराळा झाला. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल पोर्तुगीजांकडे गेले. साखळीच्या व सत्तरीच्या राण्यांनी त्यानंतर शतकभर पुन्हा पुन्हा बंडे केली. दीपाजी राण्यांचे बंड १८५२ मध्ये झाले, दादा राण्यांचे १८९५ मध्ये. अशा मुलखात सरकारची नजर चोरापेक्षा बंडखोरावर अधिक असणे स्वाभाविक होते. गावोगावी रेजिदोर नेमलेला असे आणि पोलिसी कामाचा काही वाटा त्याच्याकडे असे, पण सामान्य माणसाला तो आपला वाटण्यापेक्षा वरचा कान वाटे. त्यामुळे घराची खरी राखण वाड्यातच राहिली, शेजाऱ्याच्या हाती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर पोलीस आपले झाले, तरी ही शेजारधर्माची राखण बराच काळ टिकली.

आणि ह्याच राखणीची काळी बाजूही आपल्या शेजारच्या सत्तरीने विसरू दिलेली नाही. झर्मे गावी शिगम्यात चोरोत्सव होतो. काही जणांना मानेपर्यंत मातीत पुरतात, काहींची मस्तके मातीखाली जातात आणि धड वर राहते. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. लोककथा अशी सांगतात की पूर्वी परगावाहून आलेल्या निरपराध माणसांना गावाने चोर समजून ठार केले, सत्य नंतर उमगले आणि त्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून हा विधी सुरू झाला. जगात विजयाचे उत्सव पुष्कळ आहेत. आपल्या हातून झालेला अन्याय दरवर्षी साऱ्या गावापुढे मांडणारे उत्सव थोडेच असतील. झर्म्याच्या पूर्वजांनी आपल्या वंशजांसाठी हीच ठेव मागे ठेवली की रात्री अनोळखी माणूस दिसला तर आधी विचारा, तो कोण आहे.

ही ठेव जुनी झाली असे कोणी म्हणू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असेच मारले गेले. त्या भागात चोर फिरत असल्याच्या अफवा होत्या आणि गावकरी रात्री जागत होते. दोन्ही ठिकाणी गाव जागे होते, पण त्या जागेपणात भय होते, ओळख नव्हती. झर्म्याची कथा लोककथा म्हणून सोडून देता येईल, ह्या दोन घटना तशा सोडता येत नाहीत.

आता आपल्या घरांकडे वळू. साखळी, डिचोली, पेडण्याच्या वाड्यांतून आज अनेक थोरली घरे वर्षातील बहुतेक दिवस बंद असतात. मुले पुण्या-मुंबईस वा परदेशी, घर उघडते ते चवथीला, शिगम्याला. जी उघडी आहेत त्यांत बहुधा वृद्ध जोडपे असते. सोप्यावर बसणारे कमी झाले, संध्याकाळी दारे लागतात, आतून दूरदर्शनचा आवाज येतो. दुसरीकडे डिचोलीतील खाणी, पेडण्यात २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला मोपाचा विमानतळ आणि सर्वत्र चाललेली बांधकामे यांमुळे नवी माणसे येत आहेत. ती यायचीच. आपले पूर्वजही असेच कधीतरी आले होते आणि वाड्याने त्यांनाही ‘तू कोणाचा?’ असे विचारलेच असेल.

गोवा मुक्त झाला त्याच १९६१ साली अमेरिकेत जेन जेकब्ज या विदुषीने मोठ्या शहरांविषयीच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांमुळे कमी आणि रस्त्यावर असलेल्या लोकांच्या डोळ्यांमुळे अधिक. आपल्या ओसरीला हे आधीच ठाऊक होते. ओसरी परत आणता येणार नसेल, पण तिचे काम वाटून घेता येईल. गावाला जाताना शेजारच्या दोन घरी सांगून जावे, एक किल्ली विश्वासाच्या घरी ठेवावी, अंगणातील पाचोळा आणि दारातील वर्तमानपत्रे उचलण्याची विनंती करावी, कारण बंद घराची जाहिरात तीच करतात. खिडकीला झाकणारी झुडपे छाटावीत. मोटार शक्यतो दिव्याखाली, घरांच्या नजरेत उभी करावी आणि तिच्यात पिशवी वा भ्रमणध्वनी दिसेल असा ठेवू नये. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे दिवसातून एकदा तरी कोणी डोकावावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, वाड्यात भाड्याने राहणाऱ्या मजुराचे नाव ठाऊक असावे. भाडेकरूची नोंद पोलिसांकडे द्यावीच, पण केवळ नोंद म्हणजे ओळख नव्हे. ज्याला नावाने हाक मारली जाते तो माणूस वाड्याचा एक डोळा होतो, आणि अफवेच्या रात्री तोच वाचतोही.

संशयास्पद काही दिसले तर ११२ या क्रमांकावर कळवावे. कायद्याची चौकट स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने राहत्या घरातील चोरी आणि माल वा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनातील चोरी एकाच कलमात घातली असून तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्या डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला नागरिकाने धरावे अशीही मुभा आहे, मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. आणि जात, भाषा वा जन्मस्थान अशा कारणाने पाच वा अधिक जणांनी मिळून कोणाचा जीव घेतला तर त्या प्रत्येकाला फाशी वा जन्मठेप होऊ शकते. धरण्याचा अधिकार आपल्याला आहे, मारण्याचा नाही.

राखण एका जातीवर टाकली तेव्हा अन्याय झाला, एका कोतवालावर सोपवली तेव्हा जुलूम झाला, भयाच्या हाती गेली तेव्हा निरपराध मेले. ती टिकली फक्त तेथे, जेथे सर्वांनी ती थोडी थोडी वाटून घेतली आणि जेथे माणसे एकमेकांना ओळखत होती. ह्या चवथीला आपली बंद घरे उघडतील तेव्हा नातलगांच्या भेटीनंतर अर्धा दिवस वाड्यातील प्रत्येक दारी, भाडेकरूंच्या खोल्यांसकट, जाऊन यावे आणि नावे व दूरध्वनी क्रमांक लिहून आणावेत, अशी आमची सर्व वाचक कुटुंबांना विनंती आहे.