कागदाने दाखविलेली ठेव

शेतात लपविलेल्या ठेवीचा दृष्टांत आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. त्यातील माणसाला ठेव आधी सापडते आणि मग तो आपले सर्वस्व विकतो. जगाच्या इतिहासातील खजिनाशोधकांची रीत मात्र उलटी आहे. ते सर्वस्व आधी पणाला लावतात. ठेव सापडेल की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. अशा शोधकांच्या मार्गदर्शिका, नकाशे, रोजनिशा आणि प्रवासवृत्ते यांचे एक मोठे वाङ्मय पाश्चात्त्य देशांत निर्माण झाले आहे. पंडितांच्या सभेत त्याला फारशी प्रतिष्ठा नाही. तरीही ते जतन केले पाहिजे, असे आम्हाला वाटते. का, ते एका बुडालेल्या जहाजाच्या इतिहासावरून स्पष्ट होईल.

‘नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’ हे त्या जहाजाचे नाव. माद्रिदमधील आतोचा मातेचे तीर्थस्थान प्रसिद्ध आहे. तिचेच नाव या स्पॅनिश जहाजाला दिले होते. ४ सप्टेंबर १६२२ रोजी २८ जहाजांचा तांडा क्यूबातील हवाना बंदरातून स्पेनकडे निघाला. अमेरिकेतील खाणींची चांदी, सोने, तांबे, नीळ आणि तंबाखू असा माल त्यात भरला होता. २० कांस्य तोफा वाहणारी आतोचा पिछाडीचे रक्षण करीत होती. दोनच दिवसांनी, ६ सप्टेंबर रोजी, फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील बेटांजवळ चक्रीवादळाने तिला गाठले. जहाजावरील २६५ जणांपैकी पाच जण वाचले : तीन खलाशी आणि दोन गुलाम. पुढच्याच महिन्यात दुसरे वादळ आले आणि बुडालेल्या जहाजाचे अवशेष समुद्रतळाशी दूरवर विखुरले.

स्पेनने शोधाचे प्रयत्न सोडले नाहीत. हवानाच्या फ्रान्सिस्को नुन्येझ मेल्यान याने पाणबुड्यांसाठी कांस्याची घंटा ओतून घेतली. तिच्या पोकळीत कोंडलेल्या हवेवर पाणबुड्या काही वेळ खाली राहू शकत असे. १६२६ मध्ये हुआन बान्योन नावाच्या गुलाम पाणबुड्याला आतोचाबरोबर बुडालेल्या ‘सांता मार्गारीता’चा माल सापडला. बक्षीस म्हणून त्याला स्वातंत्र्य मिळाले. त्या समुद्रातून वर आलेल्या सर्व संपत्तीत हेच धन आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. आतोचा मात्र हाती लागली नाही.

चांदी समुद्रात राहिली, पण तिचा हिशेब जमिनीवर सुरक्षित होता. राजाचा कर चुकू नये म्हणून प्रत्येक विटेवर क्रमांक कोरला जाई आणि तो क्रमांक व वजन मालाच्या नोंदवहीत लिहिले जाई. मेल्याननेही आपल्या कामाचे हिशेब राजदरबारी सादर केले. १७८५ मध्ये राजा तिसरा कार्लोस याने सेव्हिल येथे इंडीजचे दफ्तरखाने स्थापन केले आणि अशा कागदपत्रांना तेथे आश्रय मिळाला. आज त्या दफ्तरात सुमारे आठ कोटी पाने आहेत.

विसाव्या शतकात शोध पुन्हा सुरू झाला. जॉन पॉटर यांची १९६० साली प्रसिद्ध झालेली ‘द ट्रेझर डायव्हर्स गाईड’ ही मार्गदर्शिका शोधकांच्या हाती असे. तिने आतोचाचे ठिकाण माटेकुंबे बेटाजवळ सांगितले होते. जुन्या स्पॅनिश कागदांत माटेकुंबे हे नाव त्या संपूर्ण बेटमालिकेलाच लावीत. नव्या नकाशात ते एकदोन बेटांपुरते उरले. या एका नावापायी कित्येकांनी चुकीच्या जागी समुद्रतळ धुंडाळला. मेल फिशर हेही त्यांपैकीच.

१९७० च्या सुमारास युजीन लायन हे इतिहासाचे अभ्यासक फ्लोरिडातील स्पॅनिश वसाहतीवर संशोधन करण्यासाठी सेव्हिलला गेले होते. तेथे मेल्यानचे हिशेब चाळताना, जुन्या लिपीच्या गुंतावळ्यात, त्यांना ‘मार्केसची बेटे’ असा उल्लेख आढळला. तांड्याचा प्रमुख मार्केस दे कादेरेयता याने बुडालेला माल काढण्याच्या वेळी तेथे तळ दिला होता. त्यावरून ते नाव पडले. ही बेटे माटेकुंबेपासून पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर आहेत. शोधाची दिशाच बदलली. १९७३ मध्ये चांदीच्या विटा वर आल्या. त्यांतील एकीवर ४५८४ हा क्रमांक होता. तोच क्रमांक सेव्हिलच्या नोंदवहीत मिळाला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अज्ञात कारकुनाने दिलेली ती साक्ष होती.

या यशाची किंमत जबर होती. २० जुलै १९७५ रोजी शोधनौका उलटून फिशर यांचा मुलगा डर्क, सून एंजल आणि रिक गेज हा सहकारी यांचा मृत्यू झाला. बरोबर दहा वर्षांनी, २० जुलै १९८५ रोजी, मुख्य खजिना सापडला. त्या दिवशी आनंद करावा की शोक, हे त्या कुटुंबालाच ठाऊक!

त्यानंतर काय झाले? काही वस्तू की वेस्ट येथील संग्रहालयात राहिल्या. पुष्कळशा भागीदारांत वाटल्या गेल्या आणि १९८८ साली न्यूयॉर्कमध्ये लिलावातही निघाल्या. अशा व्यापाराने इतिहासाची वाताहत होते, असा आक्षेप पुरातत्त्वज्ञांनी घेतला. २००१ मध्ये युनेस्कोने स्वीकारलेल्या करारात समुद्राखालील वारशाचा व्यापार करू नये, असे तत्त्व मांडले गेले. आम्हालाही ते योग्य वाटते. विखुरलेली चांदी आता एकत्र येणे कठीण. परंतु नोंदवहीच्या पानांवर आतोचा आजही अखंड आहे.

म्हणूनच हे वाङ्मय जपावयाचे. केवळ राजमुद्रांकित दफ्तरेच नव्हेत, तर शोधकांच्या रोजनिशा आणि दिशाभूल करणाऱ्या मार्गदर्शिकादेखील. पॉटर यांच्या पुस्तकातील ते पान फाडून टाकले, तर माणसे चुकीच्या जागी वर्षानुवर्षे का शोधत राहिली, हे उद्या कोणाला कळणार? चूकही इतिहासाचा भाग असते. त्याच १६२२ साली दुसऱ्या तांड्यातून स्पेनला परतलेले कार्मेलाइट संन्यासी आंतोनियो वास्केस दे एस्पिनोसा यांनी आपल्या प्रवासाची हकिकत १६२३ मध्ये छापली. त्यांचा अमेरिकेच्या वर्णनाचा मोठा ग्रंथ मात्र हस्तलिखितातच राहिला. तो १९२९ मध्ये व्हॅटिकन ग्रंथालयात आढळला. तीनशे वर्षे कोणी तरी ती पाने सांभाळली, म्हणूनच तो मिळाला.

सोने सांभाळण्यास कुलूप पुरते. कागद सांभाळण्यास वाळवी, ओल आणि माणसाची बेपर्वाई यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजावे लागते, आणि त्या कामाचा लिलावात भाव होत नाही. वाचकहो, दृष्टांतातील माणसाने ठेवीसाठी शेत विकत घेतले होते. आतोचाच्या कथेतले शेत म्हणजे सेव्हिलचे ते दफ्तर होय. ते कोणी राखले नसते, तर ठेव समुद्रातच राहिली असती.